दाण्याच्या कुटाशिवाय शाळेचा डबा

शाळेच्या ग्रुपवर ‘डब्यात नट्स पाठवू नका’ असा निरोप आला की घरोघरी काजू-बदामाची बरणी वरच्या फळीवर जाते. आणि दुसऱ्या दिवशी डब्यातून काकडीची कोशिंबीर जाते, तीत दोन चमचे दाण्याचं कूट. मुद्दाम कोणी करत नाही. कुटाला आपल्याकडे वेगळा पदार्थ असं कोणी धरतच नाही; मीठ-साखरेसारखं ते हाताला लागेल तसं पडतं. म्हणून मराठी घरात नट-फ्री डबा करायचा तर आधी दाण्याचा हिशोब लावायचा, काजू-बदामाचं मग बघता येतं. शेंगदाणा कडधान्याच्या कुळातला, पण ॲलर्जीच्या यादीत तो काजू-अक्रोडांच्या शेजारीच बसतो, आणि शाळा ‘नट्स’ म्हणते तेव्हा तिला शेंगदाणाही म्हणायचा असतो.

हे सगळं बालवाडी ते दुसरीच्या मुलांपुरतं आहे. या वयात डबे एकमेकांत फिरतात, एकाचा हात दुसऱ्याच्या डब्यात असतो, आणि चार वर्षांचं मूल ‘मला हे चालत नाही’ असं दर वेळी ठामपणे सांगेल याचा भरवसा नाही. म्हणून वर्गातल्या एका मुलासाठी सगळ्यांचे डबे बदलावे लागतात. ॲलर्जी आपल्याच मुलाला असेल तर डॉक्टरांनी दिलेली यादी शेवटची, तिथे इथलं काही लागू करू नका.

दाणे कुठे कुठे असतात

साबुदाण्याची खिचडी, चिक्की, पोह्यांतले तळलेले दाणे हे दिसतात. न दिसणारी ठिकाणं पुढे: कोशिंबीर, अळूची पातळ भाजी, भरली वांगी आणि भरली भेंडी, पालेभाज्यांना मिळून येण्यासाठी घातलेलं कूट, कोथिंबीर वडी, बटाट्याचा कीस, लसूण-खोबऱ्याची कोरडी चटणी (निम्म्या घरांत त्यात दाणे असतातच), हिरवा ठेचा, सँडविचला लावायची हिरवी चटणी, उपम्याची फोडणी, भेळ, चिवडा, राजगिऱ्याची वडी. तिळगुळाच्या लाडवात तिळाबरोबर कूटही असतं. हॉटेलातून आणलेल्या पनीरच्या भाजीत काजूची पेस्ट असते, त्यामुळे रात्रीची उरलेली भाजी सकाळी डब्यात भरू नये.

गोडा मसाला सहसा तीळ-खोबऱ्याचा असतो आणि मेतकूट डाळी-तांदळाचं, त्यामुळे घरचे असतील तर चिंता नाही. बाहेर दळून आणले असतील तर मात्र आहे. ते पुढे येईल.

आता नावावरून उडणारे गोंधळ. जायफळ ही बी आहे, मसाला आहे, ते चालतं. मखाणा म्हणजे पाणवनस्पतीची बी आणि शिंगाडा हे पाण्यातलं फळ, दोघांचाही नट्सशी संबंध नाही. नारळ बहुतेक शाळांना चालतो, तरी एकदा विचारून घ्यावं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये नारळाला नट्सच्या यादीतून वगळलं, पण तिथल्या काही शाळांच्या जुन्या सूचनापत्रांत तो अजून असू शकतो. चारोळीचं उलटं आहे. ती एवढीशी असते म्हणून कोणी मोजत नाही, पण ती काजू-पिस्त्याच्या कुळातली. डब्यात चारोळी घातलेलं श्रीखंड किंवा करंजी नको.

तिळाबद्दल वेगळं सांगायला हवं. तीळ नट नाही आणि दाण्याची जागा तो उत्तम घेतो, पण तिळाची स्वतंत्र ॲलर्जी असते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर तीळ वेगळा जाहीर करावा लागतो. भारतातल्या सक्तीच्या ॲलर्जी यादीत शेंगदाणे आणि नट्स आहेत, तीळ नाही. वर्गशिक्षिकेला विचारताना ‘नट्स कोणते?’ एवढंच विचारू नका, ‘तीळ चालतो का?’ हेही विचारा. पुढच्या कृतींत जिथे तीळ आहे तिथे तो वगळला तरी पदार्थ बिघडत नाही.

भांडी, तेल आणि कांडप

पदार्थात दाणे नसूनही डब्यात दाणे जातात, ते मुख्यतः मिक्सरमुळे. चटणीच्या भांड्यात पात्याखाली जी बारीक फट असते तिथे कूट दाबून बसतं, आणि झाकणाच्या रबरी रिंगेखाली त्याची तेलकट रेघ राहते. नुसतं पाणी घालून फिरवल्याने ती जात नाही. पातं निघत असेल तर काढा, रिंग काढा, साबण आणि जुना टूथब्रश वापरा. कूट वारंवार होणाऱ्या घरात सगळ्यात सोपा उपाय म्हणजे डब्यासाठी एक छोटं भांडं वेगळं ठेवणं. दगडी किंवा लाकडी खलबत्ता डब्याच्या कामातून बादच करावा. त्याच्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं.

साबण-पाण्याने हातावरचा आणि ओट्यावरचा दाण्याचा अंश निघतो. सॅनिटायझरने निघत नाही, कारण तो जंतू मारतो, प्रथिनं पुसून काढत नाही. सकाळी दाण्याची चटणी पोळीवर घेऊन खाल्लेल्या मुलाने बसमध्ये चढण्यापूर्वी हात-तोंड साबणाने धुवावं, हे डब्याइतकंच महत्त्वाचं.

तेलात दोन प्रकार. रिफाइंड शेंगदाणा तेलातलं प्रथिन जवळपास निघून गेलेलं असतं. घाण्याच्या, कच्च्या तेलात ते राहतं. घरी घाण्याचं शेंगदाणा तेल असेल तर डब्यापुरती सूर्यफुलाची किंवा करडईची छोटी बाटली वेगळी ठेवा, नाहीतर साजूक तूप वापरा. आणि करडईचं तेलही घाण्यावरूनच आणत असाल तर त्याच घाण्यावर आधी काय गाळलं हे विचारा. बहुतेक ठिकाणी शेंगदाणाच गाळलेला असतो.

कांडपाचंही तसंच. मिरची-मसाला कुटून देणाऱ्या डंकावर आपल्या आधीच्या गिऱ्हाइकाची शेंगदाण्याची चटणी होऊन गेलेली असू शकते. पहिला नंबर लावावा, म्हणजे सकाळी यंत्र साफ असताना आपलं दळून घ्यावं, किंवा डब्यात लागणारा मसाला घरीच थोडा थोडा करावा. पिठाच्या गिरणीत हा धोका कमी, कारण तेलकट दाणे पिठाच्या जात्यावर सहसा कोणी घालत नाही.

सकाळच्या कामाचा क्रमही ठरवून टाका: आधी डबा भरून झाकण लावायचं, मगच कुटाची बरणी उघडायची. एकच चमचा कुटातून काढून तसाच जिऱ्याच्या डब्यात जातो, आणि मग तो मिसळणाचा डबा पुढचे आठ दिवस संशयित.

दाण्याच्या जागी काय

दाणे काढून टाकले आणि बाकी सगळं तसंच ठेवलं तर पदार्थ कोरडा आणि फिका होतो, आणि मुलं डबा परत आणतात. कारण दाणा एकाच वेळी तीन कामं करत असतो. शेंगदाण्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं, त्यामुळे तो स्निग्धपणा देतो. कूट रस धरून ठेवतं, म्हणजे मिळून आणतं. आणि अख्खा दाणा दाताखाली कुरकुरतो. ही तिन्ही कामं एकटीने करणारी दुसरी वस्तू स्वयंपाकघरात नाही. कुठल्या पदार्थात कोणतं काम अडलंय ते पाहायचं आणि तेवढ्यासाठी वस्तू निवडायची.

मिळून आणण्यासाठी पंढरपुरी डाळं. १ वाटी डाळं मंद आचेवर २ मिनिटं नुसतं गरम करा (ते भाजलेलंच असतं, पुन्हा भाजलं तर कडू होतं). पाव वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस सोनेरी होईपर्यंत भाजा, २ चमचे तीळ तडतडू द्या. तिन्ही पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबवत थांबवत चार-पाच वेळाच फिरवा. सलग फिरवलं तर डाळ्याचं पीठ होतं आणि मग ते कूट न राहता बेसनासारखं घट्ट करत सुटतं. हे मिश्रण कुटाच्या दोन तृतीयांश मापाने घ्यायचं: जिथे ३ चमचे कूट, तिथे २ चमचे हे आणि वर अर्धा चमचा तेल किंवा तूप. डाळ्यात तेल फारच कमी असतं आणि ते पाणी शोषत राहतं. सकाळी सात वाजता छान दिसलेली कोशिंबीर दहा वाजता लगदा होते ती यामुळेच. बरणीत हे मिश्रण कोरड्या हवेत तीन आठवडे टिकतं. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात खोबरं लवकर खवट होतं, तेव्हा आठवड्यापुरतंच करा किंवा फ्रीजमध्ये ठेवा.

स्निग्धपणासाठी जवस आणि कारळे. आपल्या चटण्यांत दोघांना आधीपासून मान आहे, त्यामुळे ‘पर्यायी’ म्हणून मुलांच्या गळी काही उतरवावं लागत नाही. अर्धी वाटी जवस मध्यम आचेवर सतत हलवत ५-६ मिनिटं भाजा. तडतडायचे थांबत आले की उतरवा. पाव वाटी डाळं, लसणाच्या ५ पाकळ्या, पाऊण चमचा लाल तिखट, पाऊण चमचा मीठ, चिमूटभर साखर. जवस गरम असताना दळले तर त्यांचं तेल सुटून पात्याखाली गोळा बसतो, म्हणून किमान २० मिनिटं ताटात पसरून ठेवा. लहान मुलांसाठी तिखट निम्मं करून थोडी जास्त साखर चालते. ही चटणी तुपात कालवून पोळीला लावायची. कोरडी भुरभुरवली तर सुरळीतून गळते आणि दप्तरात जाते.

कुरकुरीतपणाचं काम डब्यात जवळजवळ होत नाही. तळलेलं डाळं, भाजलेल्या बिया, काहीही पोह्यांत मिसळा, दोन तासांत वाफेने मऊ पडतं. कुरकुरीत हवंच असेल तर वेगळ्या लहान डबीत मूठभर कुरमुरे किंवा साधा पोह्याचा पापड चुरून द्या.

भोपळ्याच्या, कलिंगडाच्या (मगज) आणि सूर्यफुलाच्या बिया हाही मार्ग आहे, पण त्या सोललेल्या बिया ज्या ठिकाणी पाकीटबंद होतात तिथेच काजू-बदामही भरले जातात. पाकिटावरची सूचना वाचल्याशिवाय घेऊ नका आणि सुट्या तर घेऊच नका. सूर्यफुलाच्या बियांची आणखी एक गंमत: त्यांचं कूट सोडा घातलेल्या पदार्थात, म्हणजे केकमध्ये किंवा सोडा टाकलेल्या आप्प्यांत, थंड झाल्यावर हिरवट दिसू लागतं. बुरशी नसते ती. बियांतल्या एका घटकाची सोड्याशी होणारी क्रिया असते, खायला हरकत नाही. पण हिरवा आप्पा मूल खात नाही. लिंबाचे थोडे थेंब घाला किंवा सोडा टाळा.

डब्यात रोज काय

वैविध्य म्हणजे रोज नवीन पदार्थ शोधणं नव्हे, त्यात आई-बाबाच आधी थकतात. धान्य फिरवलं तरी पुरे. एक दिवस गहू, एक दिवस तांदूळ, एक दिवस भाजणी किंवा ज्वारी-नाचणी, एक दिवस डाळ, आणि एक दिवस मुलाला विचारून. धान्य बदललं की आकार, रंग आणि चव आपसूक बदलतात.

गव्हाच्या दिवशी पोळीची सुरळी. कणीक मळताना १ वाटीला १ चमचा तेल घाला आणि निम्मं पाणी, निम्मं दूध घ्या. पोळी दहा वाजेपर्यंत मऊ राहते. पोळी तव्यावरून उतरली की फडक्यात २ मिनिटं गुंडाळून ठेवा आणि कोमट असतानाच सुरळी करा. गरम सुरळीत वाफ कोंडते, गार पोळी वळताना चिरते. आत चटणी-तूप, किंवा पनीर कुस्करून त्यात किसलेलं गाजर आणि मीठ, किंवा तूप-गूळ. गूळ किसूनच घ्या, खडा राहिला की त्याच्याभोवती पाणी सुटतं. सुरळीचे तीन तुकडे करा, छोट्या हाताला एक तुकडा म्हणजे दोन घास.

तांदळाच्या दिवशी इडली, आंबोळी किंवा घावन. इडलीसोबत ओली चटणी देऊ नका, सांडते आणि उन्हाळ्यात आंबते. पाव वाटी उडदाची डाळ आणि पाव वाटी हरभऱ्याची डाळ वेगवेगळ्या खमंग भाजून, १ सुकी मिरची, मीठ आणि हिंग घालून रवाळ दळा. यातली दीड चमचा पूड १ चमचा तुपात कालवून गरम इडल्या त्यात घोळवल्या की काम झालं. विकतच्या पुडीत कधी शेंगदाणे असतात, पाकीट उलटून पाहा. पोहेही याच दिवशी. एका मुलाला पाऊण वाटी जाड पोहे, धुऊन १० मिनिटं निथळत ठेवलेले. दाण्याच्या जागी वाफवलेले मटार. शेवटी २ चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवून २ मिनिटं वाफ द्या आणि लिंबू घरीच पिळा, नाहीतर डब्यात ते घशाला बसतात. ओलं खोबरं एप्रिल-मेमध्ये वरून भुरभुरवू नका, फोडणीतच परतून घ्या. कच्चं राहिलं की उन्हात तीन-चार तासांत वास मारतं.

भाजणीचं थालीपीठ हा या सगळ्यांतला सगळ्यात भरवशाचा डबा. त्याला दाणे मुळात लागतच नाहीत. १ वाटी भाजणी, १ लहान कांदा अगदी बारीक चिरून, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा तिखट, हळद, मीठ, १ चमचा गरम तेलाचं मोहन आणि १ मोठा चमचा दही. सुमारे अर्धी वाटी कोमट पाण्याने सैलसर भिजवा आणि १० मिनिटं झाकून ठेवा. शाळेत गेल्यावर थालीपीठ चिवट होतं त्याची कारणं दोन: पीठ घट्ट भिजवलेलं असतं, किंवा मोहन आणि दही नसतं. एवढ्या पिठाची तळहाताएवढी ४ होतात. ओल्या फडक्यावर थापून मध्ये एक भोक पाडा, तव्यावर टाकून भोकात आणि कडेने तेल सोडा, झाकण ठेवून मध्यम आचेवर ३ मिनिटं, उलटून झाकण न ठेवता २ मिनिटं. झाकणाखालची वाफ थालिपिठाच्या पोटात जाते म्हणून ते मऊ राहतं. दुसऱ्या बाजूला झाकण ठेवलं तर मात्र ओलसर होऊन एकमेकांना चिकटतं. सोबत लोणी किंवा तुपातलं मेतकूट. दही शक्यतो नको, झाकण कितीही घट्ट असलं तरी ते वाट काढतं.

डाळीच्या दिवशी मुगाचं धिरडं. १ वाटी मुगाची डाळ ४ तास भिजवून आलं-जिऱ्यासोबत वाटा, पीठ इडलीच्या पिठापेक्षा थोडं पातळ ठेवा, मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. जाड धिरडं गार झालं की मातीसारखं लागतं, त्यामुळे पातळच. वर किसलेलं चीज किंवा पनीर पसरून गुंडाळा.

सँडविचला एकच गोष्ट सांभाळायची, ओल. दोन्ही ब्रेडच्या आतल्या बाजूला लोणी कडेपर्यंत लावा, म्हणजे चटणीचं पाणी ब्रेडमध्ये उतरत नाही. काकडीला मीठ लावू नका, मिठाने तिला पाणी सुटतं. मीठ चटणीत असतंच. चटणीला १ वाटी कोथिंबीर, २ मोठे चमचे डाळं, आल्याचा लहान तुकडा, अर्ध्या लिंबाचा रस, आणि पाणी जेमतेम पातं फिरेल एवढंच.

साबुदाण्याची खिचडी मात्र हट्टाने डब्यात कोंबू नये. तिच्यात कूट साबुदाण्याच्या दाण्यादाण्यावर बसून त्यांना एकमेकांपासून सोडवत असतं. ते काम डाळं करू शकत नाही, उलट आणखी चिकटवतं. आणि खिचडी गार झाली की साबुदाण्याचा स्टार्च घट्ट होऊन रबरासारखा लागतो. दाणे घालूनही दहा वाजताची खिचडी फारशी बरी नसते. न घालता तर ती रविवारी घरीच, गरम गरम, मगजाच्या भरड कुटावर करावी.

गोड हवं असेल तर डाळ्याचे लाडू. १ वाटी डाळं बारीक दळून चाळून घ्या, पाऊण वाटी पिठीसाखर, वेलची, आणि पाव वाटीपेक्षा थोडं जास्त पातळ पण कोमट तूप. तूप गरम असेल तर साखर विरघळून लाडू बसतो. तूप एकदम ओतू नका. मूठ वळल्यावर आकार धरला की थांबा. लहान लिंबाएवढे १०-११ लाडू होतात, डब्यात एक पुरे. कूट नाही, बेदाणे नाहीत, त्यामुळे बाहेर पंधरा दिवस टिकतात.

वेळ, वाफ आणि घास

छोटी सुट्टी दहा-पंधरा मिनिटांची. त्यात हात धुणं आणि डबा उघडणं आलं. घरी एकदा घड्याळ लावून पाहा: ज्या पदार्थाला घरी वीस मिनिटं लागतात तो शाळेत निम्मा परत येणार. झाकण मुलाला स्वतः उघडता येतं का हेही पाहा. चार क्लिपांचा नवा डबा हे न खाण्याचं अगदी साधं कारण असू शकतं. एवढ्या लहान मुलाला ३५० ते ४५० मिलिलिटरचा डबा भरपूर होतो.

गरम पदार्थ भरून लगेच झाकण लावलं की आत पाणी जमतं, त्याने पदार्थ मऊ पडतो आणि आंबतोही लवकर. ताटात ८-१० मिनिटं पसरून गार करा आणि मग भरा. गरम ठेवायच्या थर्मास डब्याचं उलटं: आधी त्यात उकळतं पाणी घालून ५ मिनिटं ठेवा, ओतून टाका आणि पदार्थ वाफाळता असतानाच भरा. अर्धवट कोमट अन्न थर्मासमध्ये भरणं सगळ्यात वाईट, जंतूंना तेच ऊबदार तापमान मानवतं. पनीर, दूध, अंडं असलेला साधा डबा बाहेर दोन तासांच्या पुढे जाऊ नये, आणि बाहेरचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. म्हणजे डबा भरल्यापासून खाईपर्यंत त्याहून जास्त वेळ जाणार असेल तर पनीरची सुरळी नको, थालीपीठ किंवा तूप-गूळ पोळी द्या.

दाण्यांऐवजी फुटाणे द्यावेत असं पुष्कळांना सुचतं. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे जाड तुकडे घशात अडकू शकतात, तेही बाई तीस मुलांकडे बघत असताना. फुटाणे भरडून, द्राक्षं उभी चार भागांत कापून, गाजर किसून किंवा वाफवून. मखाणे तुपात परतून चुरडून.

विकतचं आणि सणावाराचं

पाकिटावर घटकांच्या यादीखाली ॲलर्जीची ओळ असते, तीत पीनट, ग्राउंडनट, ट्री नट्स हे शब्द शोधा. ‘अंश असू शकतो’ अशी सूचनाही नकारच समजा. कंपन्या घटक बदलतात, त्यामुळे नेहमीचं बिस्किट असलं तरी नवं पाकीट आणलं की पुन्हा वाचायचं. म्युसली, चॉकलेट स्प्रेड, एनर्जी बार यांत नट्स नसणं हाच अपवाद. सुटी फरसाण आणि बाकरवडी यांना लेबलच नसतं, ती डब्यातून वगळा.

वाढदिवसाला वाटायला काजू कतली अर्थातच नको, पण पेढाही मिठाईच्या दुकानात त्याच ट्रेमध्ये, त्याच चिमट्याने हाताळला जातो, आणि वर पिस्ता असतो. पेन्सिली वाटाव्यात. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात डब्यांतून फराळ येतो: चिवडा, करंजी, बेसन लाडू तिन्हींत काही ना काही असतं, चकली आणि शंकरपाळे पाठवता येतील, फक्त त्याच तेलात आधी चिवड्याचे दाणे तळलेले नकोत.

संक्रांतीला १ वाटी तीळ, पाव वाटी डाळं आणि पाव वाटी खोबरं भाजून भरड करा, पाऊण वाटी चिक्कीचा गूळ पाण्यात थेंब टाकल्यावर गोळी होईपर्यंत तापवा आणि गरम असतानाच वळा. वर्गात तीळ चालत असेल तरच. आषाढी एकादशीला शाळेत दिंडी असते आणि उपवासाचा डबा सांगतात, त्यात दाण्याशिवायचा पदार्थ शोधणं कठीण. राजगिऱ्याच्या पुऱ्या आणि तुपात जिरं घालून परतलेला बटाटा, किंवा शिंगाड्याच्या पिठाचा शिरा, हे दोन बिनघोर जातात. वरीचे तांदूळ न्यायचे तर दाण्याची आमटी सोडून, ताक-जिऱ्याच्या फोडणीवर मऊ शिजवून.

परत आलेला डबा धुण्यापूर्वी नीट पाहा. थालिपिठाच्या कडा उरल्या असतील तर ते कडक झालंय, पुढच्या वेळी मोहन वाढवा. सुरळी उलगडून आतली चटणी तशीच असेल तर तिखट झालीय. सगळंच जसंच्या तसं आलं आणि झाकण घट्ट असेल, तर ते उघडलंच गेलेलं नाही. आणि डब्यात आपण न दिलेला काही तुकडा सापडला, चिक्कीचा चुरा किंवा शेवेत मिसळलेला दाणा, तर तो फेकून गप्प बसू नका. त्याच दिवशी वर्गशिक्षिकेला फोन करा.